रुग्णवाहिकेवरचं इंग्रजी: पाचशे शब्दांची यादी आधी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिक्षण मराठीतून झालं, आता ग्रामीण भागातल्या रुग्णवाहिकेवर काम सुरू होतंय, आणि रेडिओवर, नोंदीच्या कागदावर, रुग्णालयाच्या दारात सगळीकडे इंग्रजीच. पाचशे शब्दांची यादी घोकून झाली, तरी ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. मग कोणते शब्द आधी शिकावेत, आणि कसे? आणि उच्चाराचं काय?

मी बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काढली, आता नव्या मुलामुलींना शिकवतो. ही यादी जवळपास प्रत्येकाच्या वहीत दिसते. अ‍ॅब्डोमेन, अ‍ॅब्रेजन, अ‍ॅब्सेस अशी अक्षरांच्या क्रमाने लावलेली. रुग्ण काही अक्षरांच्या क्रमाने येत नाही. शिवाय या यादीत अवघड म्हणून लिहिलेले शब्द खरं तर सोपेच असतात. 'टॅकिकार्डिया'ने आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याला फसवलेलं नाही, कारण त्याचा अर्थ एकच: हृदयाचे ठोके जलद पडणं. फसवतात ते 'हँड', 'लेग', 'शॉक', 'अटॅक' यांच्यासारखे शब्द. ते आपल्याला येतात अशी आपली खात्री असते, म्हणून कुणी ते पुन्हा बघत नाही.

म्हणून सुरुवात तिथून करा, जिथे मराठीतल्या एका शब्दाचे इंग्रजीत दोन होतात. आपण 'हाताला लागलं' म्हणतो तेव्हा खांद्यापासून बोटांपर्यंत काहीही असू शकतं. इंग्रजीत मनगटाच्या पुढचा तो 'हँड', मनगट ते कोपर 'फोरआर्म' आणि कोपराच्या वरचा दंड म्हणजे 'अपर आर्म'. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा रेडिओवर 'इंज्युरी टू राइट हँड' असं ठणकावून सांगितलं. दंडाचं हाड मोडलेलं होतं, आणि पलीकडे तयारी झाली ती बोटांच्या जखमेची. पायाचंही तसंच. घोट्याखाली 'फूट', गुडघ्याखाली 'लोअर लेग', गुडघ्याच्या वर मांडी म्हणजे 'थाय'. साप पावलाला चावला की पोटरीला, हे सांगताना 'लेग' एवढंच म्हटलं तर सूज कुठून कुठवर चढली हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. बोटाचंही बघा. हाताचं 'फिंगर', पायाचं 'टो'. आणि 'कंबर' हा तर सापळाच आहे. म्हातारी आजी पडली आणि 'कंबर मोडली' म्हणाली, तर ती पाठीच्या खालच्या भागाबद्दल बोलतेय, म्हणजे 'लोअर बॅक', की खुब्याबद्दल, म्हणजे 'हिप', हे हात लावून विचारावं लागतं. 'वेस्ट' हा शब्द तिथे चालत नाही, तो शिंप्याकडचा.

डावं-उजवं नेहमी रुग्णाचं, तुमच्या समोर दिसणारं नव्हे. हे सांगायला हवं का, असं वाटेल. हवं.

दुसरी जागा चावण्याची. मराठीत साप चावतो, कुत्रा चावतो, विंचूही चावतो. इंग्रजीत दाताने होतो तो 'बाइट' आणि नांगीने होतो तो 'स्टिंग'. म्हणून 'स्नेक बाइट', पण 'स्कॉर्पियन स्टिंग'. मधमाशीचंही 'स्टिंग'च. 'स्कॉर्पियन बाइट' म्हटलं तरी समोरचा समजून घेईल, तो भाग वेगळा. पण नोंदीत नीट लिहा. विषारीसाठीही दोन शब्द आहेत: जो दंशातून विष सोडतो तो 'व्हेनमस', आणि जे पोटात गेल्यावर बाधतं ते 'पॉयझनस'. साप व्हेनमस, कीटकनाशक पॉयझनस. विषावर उतारा म्हणून देतात त्या औषधाचं नाव जुन्या छापील कागदांवर 'अँटिव्हेनिन' असं दिसलं तर गोंधळू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये 'अँटिव्हेनम' हे रूप पसंत केलं, औषध तेच.

तिसरी जागा म्हणजे 'झटका'. मराठीत झटका विजेचा असतो, हृदयाचा असतो, फिटचा असतो आणि अर्धांगाचाही असतो. 'झटका आला' एवढं सांगणाऱ्या नातेवाइकाचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेताच येत नाही. हातपाय आखडले, तोंडाला फेस आला, तर ते 'सीझर'. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर 'स्ट्रोक', आणि स्ट्रोक हा मेंदूचा, हृदयाचा नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ, तर संशय 'हार्ट अटॅक'चा. हृदय थांबलं, नाडी नाही, श्वास नाही, तर 'कार्डिअ‍ॅक अरेस्ट'. हार्ट अटॅक आलेला माणूस बहुधा तुमच्याशी बोलत असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये तो बोलत नसतो, आणि तुमचे हात मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने त्याच्या छातीवर पडायला हवे असतात. हे दोन शब्द रेडिओवर अदलाबदल झाले तर पलीकडची सगळी तयारी चुकते. उन्हात कोसळलेल्याचा 'हीट स्ट्रोक' हा आणखी वेगळा: अंग तापलेलं, साधारण 40 अंश सेल्सिअसच्या वर, आणि भान बिघडलेलं. भान शाबूत असून नुसता थकवा, मळमळ, घाम असेल तर 'हीट एक्झॉशन'.

'शॉक'ला तर तीन अर्थ आहेत. विजेचा धक्का 'इलेक्ट्रिक शॉक'. रक्तप्रवाह अपुरा पडून अंग गार, नाडी जलद, रक्तदाब घसरलेला, ही अवस्था नुसती 'शॉक'. आणि थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र 'शॉक अ‍ॅडव्हाइज्ड' म्हणतं तेव्हा ते तुम्हाला बटण दाबायला सांगत असतं. म्हणून 'पेशंट इज इन शॉक' म्हणण्याआधी एक क्षण थांबा. विजेचा धक्का बसून रुग्ण शांत बसून पाणी मागत असेल, तर तो 'इन शॉक' नाही.

आपल्या बोलण्यात मुरलेले इंग्रजी शब्द ही चौथी जागा, आणि माझ्या मते सगळ्यात बेरकी. आपण 'सलाईन लावलं' म्हणतो. तिकडे 'आयव्ही फ्लुइड' म्हणतात, कारण सलाईन हा त्यातला एक प्रकार. 'अटॅक' म्हटलं की आपल्याला हृदयच आठवतं. इंग्रजीत दम्याचाही अटॅक असतो आणि घबराटीचाही. 'लूज मोशन'ला 'डायरिया' म्हणा. 'अ‍ॅसिडिटी'साठी 'हार्टबर्न', आणि त्यात हार्ट असलं तरी हृदयाशी संबंध नाही. 'कोमात गेला' हे आपण शुद्ध हरपलेल्या कुणालाही म्हणतो. नोंदीत 'अनरिस्पॉन्सिव्ह' लिहावं. 'फिट आली' आणि 'पेशंट फिट आहे' यातली गंमत तुमची तुम्हाला कळेलच. आणि 'सिरियस आहे' याने डॉक्टरला काहीही कळत नाही. नाडी, श्वास, रक्तदाब, भान यांचे आकडे सांगा, सिरियस आहे की नाही हे तो ठरवेल.

आता दुखण्याकडे येतो. इथे मराठी इंग्रजीपेक्षा काकणभर श्रीमंत आहे आणि त्याचा फायदा घ्यायला हवा. रुग्ण 'ठणकतंय' म्हणाला तर 'थ्रॉबिंग'. 'चमक निघते' म्हणाला तर 'शूटिंग'. 'जळजळ', 'आग' यांना 'बर्निंग'. 'टोचल्यासारखं' म्हणजे 'प्रिकिंग' किंवा 'स्टॅबिंग', जोरावर अवलंबून. पोटात 'मुरडा' म्हणजे 'क्रॅम्पिंग'. छातीवर 'कुणीतरी बसल्यासारखं', 'दाबल्यासारखं' म्हणजे 'प्रेशर' किंवा 'क्रशिंग'. हे शब्द कुठे वापरायचे याचा एक जुना इंग्रजी आराखडा आहे, ओपीक्यूआरएसटी: ऑनसेट, प्रोव्होकेशन, क्वालिटी, रेडिएशन, सिव्हिअरिटी, टाइम. कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कसं दुखतं, कुठे पसरतं, किती आहे, किती वेळ आहे. सहा प्रश्न मराठीत विचारा, उत्तरं इंग्रजीत लिहा. शब्द सुचला नाही तर रुग्णाचंच वाक्य अवतरणात लिहून ठेवा. 'छातीत गोळा आल्यासारखं वाटतंय' या वाक्याचं तुम्ही स्वतःच 'अँजायना', म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं, करू नका. ते निदान झालं. निदान करायला पुढे माणसं आहेत. आपण काय पाहिलं आणि काय ऐकलं ते पोचवायचं.

'चक्कर'सुद्धा अशीच चाचपून घ्यावी लागते. भोवतालचं गरगर फिरत असेल तर 'व्हर्टिगो', डोळ्यांपुढे अंधारी आली तर 'लाइटहेडेड', पडून शुद्ध हरपली तर 'फेंटेड'. मुंग्या येणं 'टिंगलिंग', बधिरपणा 'नम्बनेस', जोर न राहणं 'वीकनेस'. शेवटच्या दोनांत बरेच जण चुकतात. बधिर हाताला चिमटा कळत नाही, तर लुळा हात उचलता येत नाही.

जखमांच्या नावांवर फार वेळ घालवू नका. खरचटलं 'अ‍ॅब्रेजन', चिरलं 'लॅसरेशन', मुका मार 'कंट्यूजन', मुरगळलं 'स्प्रेन', निखळलं 'डिस्लोकेशन', मोडलं 'फ्रॅक्चर'. 'कंट्यूजन' आणि 'कन्कशन' कानाला सारखे लागतात एवढं ध्यानात ठेवा. कन्कशन म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूच्या कामात काही काळ होणारा बिघाड.

ग्रीक-लॅटिन शब्दांसाठी एक दुपार पुरते. 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद, 'कार्डिया' हृदयाचं, 'प्निया' श्वासाचं, आरंभीचा 'अ' म्हणजे नसणं. मग टॅकिकार्डिया, ब्रॅडिकार्डिया, टॅकिप्निया, अ‍ॅप्निया हे आपोआप उलगडतात. धोका फक्त 'हायपो' म्हणजे कमी आणि 'हायपर' म्हणजे जास्त यांचा. गाडीच्या आवाजात, खराब रेडिओवर दोन्ही एकच ऐकू येतात आणि अर्थ मात्र थेट उलटे. मी शिकवताना सांगतो की बोलताना हे दोन शब्द वापरूच नका. 'ब्लड शुगर लो, फोर टू' म्हणा. विद्वत्ता कागदावर दाखवा.

रेडिओवर आकड्यांची तीच तऱ्हा. एकदा पन्नाशीचा रुग्ण घेऊन पोचलो तर दारात लहान मुलांचे डॉक्टर उभे. 'फिफ्टी'चं 'फिफ्टीन' झालं होतं. तेव्हापासून मी आकडे सुटे सांगतो: फाइव्ह झीरो, वन फाइव्ह. अक्षरं सांगायची तर अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी. ही वर्णमाला 1956 मध्ये सध्याच्या रूपात पक्की झाली, आणि ती वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांना एकमेकांचं कळावं म्हणूनच पारखून घेतलेली आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठीच. ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. औषधाची मात्रा सांगितली गेली तर ती तुम्ही परत उच्चारून दाखवायची, आणि 'मिलिग्रॅम' की 'मायक्रोग्रॅम' हे पूर्ण उच्चारायचं, कारण दोहोंत हजारपटीचा फरक आहे.

ग्रामीण कामात आणखी एक शब्दसंग्रह लागतो जो शहरी पुस्तकांत कोपऱ्यात असतो: वेळेचा आणि अंतराचा. बाल्टिमोरच्या आर. अ‍ॅडम्स काउली या शल्यचिकित्सकाने 'गोल्डन अवर' हा शब्दप्रयोग रुजवला, म्हणजे गंभीर जखमीसाठी मोलाचा पहिला तास. लांबच्या वस्तीवरून निघालं तर तो तास रस्त्यातच संपतो. म्हणून तुमच्या प्रत्येक वाक्यात वेळ हवी. 'ईटीए' म्हणजे पोचायला लागणारा अंदाजे वेळ. 'इंटरसेप्ट' किंवा 'राँदेव्हू' म्हणजे अधिक साधनं असलेली दुसरी गाडी वाटेत येऊन भेटणं. 'राँदेव्हू' लिहिताना स्पेलिंगवर रडू नका, मीही बघून लिहितो. स्ट्रोकच्या रुग्णाबाबत 'लास्ट नोन वेल' हा सगळ्यात महत्त्वाचा शब्दप्रयोग. कधी सापडला हे नव्हे, शेवटचा धडधाकट कधी पाहिला ते. सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं, पण रात्री दहाला तो नीट बोलून झोपला होता, तर वेळ रात्री दहाची. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. एक चुकीचा आकडा गेला तर उपचाराचा निर्णयच बदलतो.

ट्रॅक्टर उलटला तर 'रोलओव्हर'. माणूस खाली अडकला असेल तर 'ट्रॅप्ड', बाहेर फेकला गेला असेल तर 'इजेक्टेड', यंत्रात कपडा किंवा हात गुंतला असेल तर 'एन्टँगल्ड', आणि अडकलेल्याला सोडवून बाहेर काढणं म्हणजे 'एक्स्ट्रिकेशन'. कीटकनाशक पोटात गेलं की 'ऑर्गॅनोफॉस्फेट' हा शब्द कानावर येतो, तो कीटकनाशकांचाच एक गट. त्याची लक्षणं स्लज या आद्याक्षरांत बांधलेली आहेत: लाळ, डोळ्यांतून पाणी, लघवी, शौच, पोटातली गडबड, उलटी. त्याबरोबर टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, 'पिनपॉइंट प्युपिल्स'. डब्यावरचं नाव वाचता येत नसेल तर वाचायच्या भानगडीत पडू नका. डबा नीट बंद करून सोबत आणा किंवा लेबलचा फोटो काढा. बाळंतपणाचे शब्दही आधीच तयार ठेवा, कारण ती वेळ रस्त्यातच येते. कळा म्हणजे 'कॉन्ट्रॅक्शन्स', पाणमोट फुटली म्हणजे 'वॉटर ब्रोक', डोकं दिसू लागलं म्हणजे 'क्राउनिंग', नाळ 'कॉर्ड', वार 'प्लसेंटा'. क्राउनिंग झालं असेल तर गाडी कडेला घ्या.

नोंदीच्या इंग्रजीत काही शब्द उलटे वाटतात. 'पेशंट डिनाइज चेस्ट पेन' वाचून एका मुलीने मला विचारलं, रुग्णाने नकार का दिला? नकार नव्हता, 'छातीत दुखत नाही' असं तो म्हणाला, एवढंच. 'निगेटिव्ह' म्हणजे बहुधा चांगली बातमी, आणि 'अनरिमार्केबल' म्हणजे लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. 'अ‍ॅम्ब्युलेटरी' म्हणजे चालू शकणारा रुग्ण. 'अ‍ॅम्ब्युलन्स'ही चालणे या अर्थाच्या त्याच लॅटिन धातूतून आला, फिरत्या रुग्णालयाच्या फ्रेंच नावावरून. 'एलओसी' ही आद्याक्षरं मात्र मी लिहू देत नाही. कुणी त्याचा अर्थ भानाची पातळी असा घेतो, कुणी शुद्ध हरपणं. भान सांगायला अ‍ॅव्हपू वापरा: अलर्ट म्हणजे पूर्ण शुद्धीवर, व्हर्बल म्हणजे हाकेला प्रतिसाद, पेन म्हणजे दुखवल्यावर प्रतिसाद, अनरिस्पॉन्सिव्ह म्हणजे कशालाच नाही. पुढे ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे भान गुणांत मोजायची पट्टी, शिका. टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये ती मांडली. जास्तीत जास्त गुण डोळ्यांना 4, बोलण्याला 5, हालचालीला 6, बेरीज 15. कमीत कमी 3, शून्य कधीच नाही. मृतालाही तीन मिळतात, असं मी वर्गात म्हणतो, मग कुणी विसरत नाही.

आता तोंड उघडण्याचं. सुटे शब्द तोंडात येत नाहीत, कारण त्यांना जागा नसते. जागा देणारा साचा म्हणजे 'एटी-मिस्ट': वय, वेळ, काय घडलं, काय लागलं, आकडे, काय केलं. क्रम ठरलेला असला की पुढचा शब्द ओढला जातो. असं: 'मेल, फाइव्ह झीरो. फोर झीरो मिनिट्स अगो. स्नेक बाइट, राइट फूट. स्वेलिंग अप टू अँकल. अलर्ट. ड्रूपिंग आयलिड्स. पल्स वन वन झीरो, बीपी वन थ्री झीरो ओव्हर एट झीरो, रेस्पिरेशन्स टू फोर. लेग इमोबिलाइज्ड, ऑक्सिजन गिव्हन. ईटीए थ्री फाइव्ह मिनिट्स.' यात एकही पूर्ण वाक्य नाही आणि व्याकरणाची एकही परीक्षा नाही. डॉक्टरला हवं ते सगळं मात्र आलं. पापण्या जड होणं हे त्यातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण, आणि त्यासाठी 'टोसिस' हा शब्द यायलाच हवा असं नाही.

रोज एक असा निरोप फोनवर ध्वनिमुद्रित करा, मिनिटाच्या आत. कालचा रुग्ण घ्या, नाव वगळा. दुसऱ्या दिवशी स्वतः ऐका. पहिले आठ दिवस ऐकवणार नाही, तरी ऐका. कुठे अडखळलात तो शब्द वहीत जाईल. वही अशीच भरू द्या, यादीतून नको.

साधनांच्या नावांसाठी वेगळा अभ्यास करू नका. सकाळी गाडीची तपासणी करावीच लागते, तेव्हा प्रत्येक वस्तू हातात घेऊन नाव आणि काम मोठ्याने म्हणा. 'नेझल कॅन्युला, नाकातून ऑक्सिजन, लो फ्लो'. 'नॉन-रिब्रीदर मास्क, जास्त ऑक्सिजन द्यायला, टेन टू फिफ्टीन लिटर्स'. 'सक्शन, एअरवे क्लिअर करायला'. 'टूर्निके, हातापायाचा रक्तस्राव थांबत नसेल तर, आणि बांधल्याची वेळ लिहायची'. अर्धं मराठी चालेल. चालक शेजारी हसेल, त्याला उलटी परीक्षा घ्यायला लावा; महिन्याभरात त्यालाही येईल.

तुम्ही उच्चाराबद्दलही विचारलं होतं. आपला उच्चार मराठी वळणाचाच राहणार, आणि राहू द्या. वेग कमी करा, आकडे सुटे सांगा, वाक्य संपल्यावर थांबा. पलीकडच्याने 'से अगेन' म्हटलं तर ते तुमच्या इंग्रजीला उद्देशून आहे असं समजू नका. दहापैकी आठ वेळा दोष रेंजचा असतो.